आवळलेल्या अक्षरांची राखण
फाइल आवळणाऱ्या मुक्त संगणकीय साधनांची देखभाल व सुधारणा

उज्जैन शहरातील नानाखेडा या वस्तीचे नाव संगणकात नोंदविण्यास किती जागा लागते, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. त्याचे उत्तर मात्र बोधप्रद आहे. मराठी रीतीने लिहिलेल्या या नावात न, काना, न, काना, ख, मात्रा, ड आणि काना अशी आठ चिन्हे येतात. आज सर्वत्र रूढ असलेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणजे हे एक नाव २४ बाइट जागा व्यापते. रोमन अक्षरास याच पद्धतीत एक बाइट पुरतो. ‘नानाखेडा, उज्जैन, मध्य प्रदेश’ असा पूर्ण पत्ता, त्यातील स्वल्पविराम व मोकळ्या जागा धरून, ७७ बाइट होतो. एक हजार नावांच्या यादीत प्रत्येकापुढे हाच पत्ता आला, तर केवळ पत्त्यापोटी ७७,००० बाइट खर्ची पडतात. नवी माहिती मात्र पहिल्या वेळीच मिळालेली असते. पुढील नऊशे नव्याण्णव वेळा तीच पुन्हा येत असते.

अशी पुनरुक्ती ओळखून मजकूर थोड्या जागेत आवळणे, आणि हवा तेव्हा तो अक्षरशः जसाच्या तसा उलगडून देणे, हे काम संगणकातील काही लहान साधने अहोरात्र करीत असतात. त्यांची नावे सर्वसामान्य नागरिकांच्या कानावर क्वचितच येतात. तथापि कार्यालयात टंकलेली ‘डॉक्स’ प्रकारची फाइल ही वस्तुतः झिप पद्धतीने बांधलेले एक गाठोडेच असते. अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर उतरविलेले ॲपही तसेच बांधलेले असते. पीडीएफ दस्तऐवजात मजकूर आवळण्याची हीच सोय १९९६ पासून आहे. महाराष्ट्रातील सातबारा असो की मध्य प्रदेशातील खसरा, संगणकावर साठविलेला आणि जाळ्यावरून पाठविलेला दस्तऐवज वाटेत कोठे ना कोठे या साधनांच्या हातून जातो. ती साधने कोण घडवितो, त्यांची निगा कोण राखतो आणि ती निगा ढळल्यास काय घडू शकते, याचा परिचय प्रत्येक जागरूक नागरिकास असणे इष्ट आहे.

आवळणे म्हणजे काय

पत्रावर ‘मुक्काम पोस्ट’, ‘तालुका’, ‘जिल्हा’ असे पूर्ण न लिहिता ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’ लिहिण्याची आपली जुनी वहिवाट आहे. ‘राजमान्य राजश्री’ ऐवजी ‘रा. रा.’ लिहिले तरी वाचणारा ते पूर्ण वाचतो. कारण संक्षेपाची किल्ली लिहिणाऱ्यास व वाचणाऱ्यास सारखीच ठाऊक असते. संगणकातील आवळणीचे मूळ तत्त्व हेच होय.

या विद्येचे दोन आधारस्तंभ आहेत. पहिला इस्रायलमधील याकोव झिव व अब्राहम लेम्पेल या संशोधकांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीचा. तिच्यात एखादा शब्दसमूह पुन्हा आला की तो पुन्हा लिहिला जात नाही. ‘इतके बाइट मागे जा आणि तेथून इतके बाइट उचला’ एवढीच सूचना लिहिली जाते. वरील यादीतील ७७ बाइटांचा पत्ता अशा एका छोट्या सूचनेत सामावतो. दुसरा आधारस्तंभ डेव्हिड हफमन यांचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत विद्यार्थी असताना त्यांनी शोधलेली आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत असे सांगते, की जे चिन्ह वारंवार येते त्यास आखूड खूण द्यावी आणि जे विरळा येते त्यास लांब. तारयंत्राच्या मोर्स लिपीत इंग्रजीतील ‘ई’ या सर्वाधिक येणाऱ्या अक्षरास एकच टिंब दिलेले होते, त्यामागेही हाच विचार होता.

मराठी मजकुरास या विद्येचा विशेष लाभ होतो. देवनागरी चिन्हाच्या तीन बाइटांपैकी पहिला बाइट नेहमी २२४ या अंकाचा असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५ यांपैकी एक असतो. म्हणजे तीनपैकी दोन बाइट जवळजवळ तेच ते असतात. आवळणारे साधन ही पुनरुक्ती ओळखते आणि देवनागरी लिपीवर पडलेला जादा भार बऱ्याच अंशी उतरविते.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. छायाचित्र वा ध्वनिमुद्रण लहान करताना डोळ्यास वा कानास न जाणवणारा काही भाग कायमचा टाकून दिला तरी चालते. दस्तऐवजाच्या बाबतीत मात्र एका अनुस्वाराचाही फरक खपत नाही. या लेखात ज्या साधनांचा विचार केला आहे, ती सर्व मूळ फाइल तंतोतंत परत देणारी आहेत.

मुक्त साधनांचा उगम

१९८० च्या दशकात युनिक्स संगणकांवर फाइल आवळण्याचे जे साधन रूढ होते, त्यामागील पद्धतीवर अमेरिकेत एकस्वाधिकार अर्थात पेटंट होते. तो हक्क तेथे २००३ पर्यंत टिकला. ज्या किल्लीवाचून आपलाच दस्तऐवज उलगडता येत नाही, तिच्यावर दुसऱ्याचा हक्क असणे ही गैरसोयीचीच नव्हे, तर धोक्याचीही स्थिती होती. दुसरीकडे फिल काट्झ या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८९ मध्ये झिप पद्धत आणून तिचे वर्णन सर्वांस खुले केले होते. ऑक्टोबर १९९२ मध्ये झां-लू गायी व मार्क ॲडलर यांनी पेटंटच्या बंधनापासून दूर राहून ‘जीझिप’ हे साधन प्रसिद्ध केले. १९९५ मध्ये त्याच दोघांनी ‘झेडलिब’ हा संच दिला. इतर कोणत्याही आज्ञावलीत तो जोडता येतो. मे १९९६ मध्ये या पद्धतीचे संपूर्ण वर्णन जगासमोर मांडण्यात आले. परिणामी तीस वर्षांपूर्वी जीझिपने आवळलेली फाइल आजही विनासायास उघडते.

याच मालिकेत ज्युलियन सिवर्ड यांचे ‘बीझिप-२’ हे साधन १९९६ मध्ये आले. रशियाचे इगोर पाव्लोव यांनी विकसित केलेल्या पद्धतीच्या आधारे फिनलंडचे लासे कोलिन यांनी ‘एक्सझेड’ हे साधन सिद्ध केले. फेसबुक कंपनीत असताना यान कोले यांनी ‘झेडस्टँडर्ड’ या साधनाची पहिली पक्की आवृत्ती २०१६ मध्ये प्रसिद्ध केली.

ही सर्व साधने मुक्त स्रोत म्हणून ओळखली जातात. त्यांची मूळ संहिता कोणीही वाचावी, तपासावी, आपल्या गरजेनुसार बदलावी आणि परवान्याच्या अटी पाळून इतरांस द्यावी, अशी मोकळीक असते. भारत सरकारनेही २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्त स्रोत साधनांच्या वापराचे धोरण जाहीर केले. तथापि ‘मुक्त’ म्हणजे ‘आपोआप चालणारे’ असा अर्थ नव्हे. गावची विहीर सर्वांसाठी खुली असली तरी तिचा गाळ कोणीतरी उपसावाच लागतो.

देखभालीचे स्वरूप

एकदा नीट लिहिलेली आज्ञावली झिजत नाही, मग तिची देखभाल ती कसली, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर असे, की आज्ञावली झिजत नसली तरी तिच्या भोवतालचे जग बदलते. पुढील तीन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण जीझिपचे. या पद्धतीत आवळलेल्या फाइलच्या शेवटी मूळ फाइलचा आकार नोंदविलेला असतो, आणि त्यासाठी ३२ बिटांची जागा राखलेली आहे. तीत ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतचाच अंक मावतो. १९९२ मध्ये यापेक्षा मोठी फाइल ही कल्पनेतील गोष्ट होती. पुढे अशा फाइल सर्रास होऊ लागल्या, तेव्हा मोटारीच्या अंतरमापकाचे आकडे संपून पुन्हा शून्यापासून सुरू व्हावेत तसा प्रकार होऊ लागला आणि साधन आकार चुकीचा सांगू लागले. फाइल मात्र शाबूत असे. एप्रिल २०२२ मधील १.१२ या आवृत्तीत हा दोष दूर करण्यात आला. आता साधन नोंदीवर विसंबत नाही. फाइल प्रत्यक्ष उलगडून बाइट मोजते आणि मगच आकार सांगते. यास वेळ अधिक लागतो, परंतु उत्तर खरे मिळते. जुन्या फाइलची रचना बदलली असती, तर कोट्यवधी फाइल उघडण्यात अडचण आली असती. म्हणून रचना कायम ठेवून मोजणीची रीत बदलण्यात आली.

दुसरे उदाहरण झेडलिबचे. विशिष्ट परिस्थितीत आवळणीच्या वेळी स्मृतीतील मजकूर बिघडविणारा एक दोष २०१८ मध्ये निदर्शनास आला आणि त्याच वर्षी मूळ संहितेत दुरुस्तीही झाली. पण दुरुस्तीसह नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली ती मार्च २०२२ मध्ये. मधल्या काळात सर्वत्र जानेवारी २०१७ ची आवृत्तीच चालू होती. औषध तयार झाले, परंतु दवाखान्यात पोहोचले नाही, असा हा प्रकार होय. दोष शोधणे, तो दुरुस्त करणे आणि दुरुस्ती लोकांपर्यंत पोहोचविणे ही तीन निरनिराळी कामे आहेत, हे यावरून लक्षात येते.

तिसरे उदाहरण बीझिप-२ चे. त्याची सप्टेंबर २०१० मधील आवृत्ती आणि त्यानंतरची जून २०१९ मधील आवृत्ती यांत जवळजवळ नऊ वर्षांचे अंतर पडले. नव्या मंडळींनी जबाबदारी स्वीकारल्यावरच काम पुढे सरकले. साधन चांगले असणे पुरेसे नसते. त्यास वारसही लागतो.

२०२४ चा धडा

देखभाल करणाऱ्याचा एकटेपणा किती धोक्याचा ठरू शकतो, हे एक्सझेडच्या प्रकरणाने जगापुढे आणले. लासे कोलिन हे साधन अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने आणि बिनमोबदला सांभाळीत होते. २०२१ मध्ये ‘जिया तान’ असे नाव धारण करणारी एक व्यक्ती मदतीस आली आणि उपयुक्त दुरुस्त्या पाठवू लागली. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी काम संथ चालल्याच्या तक्रारी सुरू झाल्या आणि नवा सांभाळकर्ता नेमावा असा तगादा लागला. कोलिन यांनी आपल्या दीर्घकालीन मानसिक अस्वास्थ्याचा उल्लेख केला आणि हे काम बिनपगारी छंद म्हणून चालते याचीही आठवण करून दिली. अखेर या मदतनिसाकडे हळूहळू अधिकार गेले, आणि २०२३ पर्यंत नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचे कामही त्याच नावाने होऊ लागले.

२४ फेब्रुवारी २०२४ रोजी ५.६.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात एक गुप्त चोरवाट दडविलेली होती. साधनाची परीक्षा घेण्यासाठी मुद्दाम बिघडविलेल्या नमुना फाइल अशा संचात ठेवलेल्या असतात. त्यांचा अर्थ माणसास वाचून लागत नाही. घातक भाग नेमका अशा फाइलमध्ये लपविलेला होता. तो बाहेर काढून साधनात मिसळणारी सूचना उघड संहितेत नव्हती. ती केवळ वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यात होती. लिनक्सच्या काही प्रकारांत दूरच्या संगणकात प्रवेश देणारी सेवा एक्सझेडचा संच अप्रत्यक्षपणे आपल्यात ओढून घेते. त्यामुळे फाइल आवळणाऱ्या साधनातून थेट संगणकाच्या मुख्य दरवाजापर्यंत पोहोचण्याची वाट तयार झाली होती.

आंद्रेस फ्रॉइंड या संगणकतज्ज्ञांनी हा कट उघडकीस आणला. ते पोस्टग्रेस या विदासंचय प्रणालीचे काम करणारे आणि मायक्रोसॉफ्ट कंपनीत नोकरीस असलेले गृहस्थ होते. दुसऱ्याच एका कामासाठी संगणकाच्या वेगाची मोजणी करीत असताना, दूरस्थ प्रवेशास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे त्यांच्या ध्यानात आले. एवढ्याशा विलंबाकडे दुसऱ्या कोणी काणाडोळा केला असता. त्यांनी कारणाचा पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्व निष्कर्ष जाहीर केले. तोवर ही आवृत्ती डेबियन, फेडोरा आदींच्या मुख्यतः चाचणीसाठी असलेल्या शाखांत पोहोचली होती. बहुसंख्य कार्यालयीन यंत्रणांत ती अद्याप उतरली नव्हती. कोलिन यांनी स्वतः साफसफाई हाती घेतली आणि २९ मे २०२४ रोजी चोरवाट काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. ‘जिया तान’ या नावामागील खरी व्यक्ती आजवर उघड झालेली नाही.

या घटनेतून मुक्त स्रोतावरील विश्वास डळमळावा असे नाही. संहिता खुली होती, म्हणूनच तिची तपासणी करणे बाहेरच्या एका माणसास शक्य झाले. परंतु ज्या साधनावर बँका, रुग्णालये व शासकीय कार्यालये विसंबून असतात, त्याचा भार एकाच थकलेल्या व्यक्तीच्या खांद्यावर असावा, ही व्यवस्था योग्य नव्हे, हेही तेवढेच खरे. साहाय्य हे तगाद्याच्या रूपाने नव्हे, तर वेळ, निधी आणि तपासणी यांच्या रूपाने मिळावयास हवे.

सुधारणा आणि तिच्या मर्यादा

सुधारणा म्हणजे अधिकाधिक आवळणे एवढेच नव्हे. जीझिपची पद्धत पुनरुक्ती शोधण्यासाठी मागील ३२,७६८ बाइटांपर्यंतच पाहते. एक्सझेड आपल्या नेहमीच्या पातळीवर ८ मेबिबाइटपर्यंत मागे पाहते, म्हणून ते पुष्कळदा अधिक आवळते. पण त्यास वेळ व स्मृती अधिक लागते. झेडस्टँडर्डने उलगडण्याच्या वेगावर भर दिला. वर्षानुवर्षे ठेवावयाच्या दप्तरास एक साधन योग्य, तर क्षणोक्षणी पाठवावयाच्या पानास दुसरे.

सुधारणेची लक्ष्मणरेषाही ठरलेली आहे, आणि ती समजण्यास पुन्हा नानाखेड्याकडेच वळावे लागेल. हिंदी रीतीने हे नाव लिहिताना ‘ड’ खाली नुक्ता येतो. युनिकोडमध्ये हे नुक्तायुक्त अक्षर दोन प्रकारे लिहिता येते : एका स्वतंत्र चिन्हाने, अथवा ‘ड’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पहिल्या प्रकारे संपूर्ण नाव २४ बाइटांचे होते, दुसऱ्या प्रकारे २७ बाइटांचे. डोळ्यास दोन्ही सारखीच दिसतात. अशा वेळी आवळणाऱ्या साधनाने ‘दोन्ही एकच’ असे समजून परस्पर तीन बाइट वाचविले तर? उलगडलेली फाइल मूळ फाइलशी जुळणार नाही, शेवटी नोंदविलेला पडताळ्याचा अंक चुकेल, आणि त्या फाइलवर डिजिटल स्वाक्षरी असेल तर तीही अवैध ठरेल. म्हणून असा शहाणपणा साधनाने करावयाचा नसतो. ठेव जशी दिली तशीच परत करणे हा त्याचा पहिला धर्म होय. प्रत्येक नव्या सुधारणेची परीक्षा जुन्या फाइलवर घेतली जाते, ती याचसाठी.

कार्यालये, शाळा व ग्रामस्थांसाठी

या विषयाचा दैनंदिन व्यवहाराशी असलेला संबंध लक्षात घेऊन पुढील गोष्टी पाळणे हितावह ठरेल.

१. आवळणारी साधने संगणक प्रणालीच्या अधिकृत भांडारातून अथवा साधनाच्या मूळ कर्त्यांकडूनच घ्यावीत, आणि सुरक्षिततेच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवाव्यात. दुरुस्ती न बसविलेला संगणक आणि दुरुस्तीच न झालेले साधन, यांत परिणामाच्या दृष्टीने फरक नाही.

२. मूळ फाइल पुसून टाकण्यापूर्वी आवळलेल्या फाइलची चाचणी घ्यावी. बहुतेक साधनांत अशी सोय असते.

३. महत्त्वाच्या दप्तराच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. आवळलेल्या फाइलमधून पुनरुक्ती निघून गेलेली असते. त्यामुळे साध्या फाइलमध्ये एक बाइट बिघडल्यास एखादे अक्षर जाते, पण आवळलेल्या फाइलमध्ये त्यापुढील मोठा भाग वाया जाऊ शकतो.

४. आवळणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. गोपनीय कागदपत्रांसाठी सांकेतिकीकरणाची स्वतंत्र व्यवस्था करावी.

५. छायाचित्रे व चलच्चित्रे बहुधा आधीच आवळलेली असतात. ती पुन्हा आवळल्याने फारसे काही साधत नाही.

६. दीर्घकाळ जतन करावयाच्या नोंदींसाठी ज्यांचे वर्णन खुलेपणाने प्रसिद्ध आहे, अशाच पद्धती निवडाव्यात.

७. साधनात दोष आढळल्यास आवृत्तीचा क्रमांक, केलेली कृती आणि मिळालेला परिणाम यांसह कर्त्यांना सौजन्याने कळवावे. नमुना म्हणून फाइल पाठविताना तीत कोणाही नागरिकाची खासगी माहिती नसावी.

शिक्षकांना हा विषय संगणकावाचूनही शिकविता येईल. पाठ्यपुस्तकातील एखादा उतारा घ्यावा, त्यात पुन्हा पुन्हा येणारे शब्द विद्यार्थ्यांना शोधावयास सांगावेत, प्रत्येकास एक अंक द्यावा आणि उतारा अंकांसह पुन्हा लिहून घ्यावा. नंतर तो दुसऱ्या गटाकडे उलगडण्यासाठी द्यावा. एखाद्या शब्दाचा अंक यादीत लिहावयाचा राहिला तर काय होते, हे मुलांना लगेच कळेल, आणि किल्ली सर्वांस खुली का असावी हेही उमजेल. पुढील शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी संहिता वाचणे, देवनागरी मजकुरावर साधनांची चाचणी घेणे आणि त्यांचे मदतपत्रक मराठीत आणणे ही कामेही मोलाची आहेत. यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. चिकाटी व नेमकेपणा पुरेसा आहे.

फ्रॉइंड यांच्या हाती तरी विशेष काय होते? अर्ध्या सेकंदाच्या विलंबाचे कारण शोधण्याची जिज्ञासा आणि जे आढळले ते लपवून न ठेवण्याची सचोटी. अशी जिज्ञासा उज्जैनमधील वा महाराष्ट्रातील एखाद्या गावच्या शाळेतही जोपासता येण्याजोगी आहे. सर्वांच्या उपयोगाचे साधन सांभाळणारे हात वाढले, तर एकट्याच्या खांद्यावरील भार हलका होईल आणि त्या साधनात जपलेले आपले सर्वांचे दस्तऐवजही सुरक्षित राहतील.